टेपवरून बकरीचं वजन: आपल्या कळपाचं समीकरण बनवताना काय सांभाळायचं

जंताचं औषध पाजायचं असतं, बोकडाची किंमत ठरवायची असते, पाठ (अजून न व्यालेली तरुण बकरी) आता बोकडाकडे फळवायची की अजून थांबायचं हे बघायचं असतं. तिन्ही वेळी पहिला प्रश्न एकच: वजन किती? कोठ्यावर काटा नसतो, म्हणून टेप निघते. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं सूत्र लावलं जातं, आकडा येतो, आणि तो खऱ्या वजनापेक्षा चार-पाच किलो इकडे नाहीतर तिकडे निघतो. मग लोक म्हणतात, टेपवर भरवसा नाही.

टेपचा दोष क्वचितच असतो. लांबी चुकीच्या जागेवरून मोजलेली असते, किंवा सूत्र भलत्याच जातीच्या बकऱ्यांवर बनलेलं असतं, किंवा ज्या मापाच्या जनावरांवरून लांबी-वजनाची रेषा काढली त्या मापाच्या बाहेर ती ताणलेली असते. नागपूर, वर्धा, अमरावतीकडचे कळप मुख्यतः बेरारी नाहीतर बेरारीच्या संकराचे. इटाव्याकडच्या उंच, लांब जमनापारीवर बसवलेलं समीकरण त्यांच्यावर बसणार नाही. म्हणून लांबीवरून वजन सांगणारं समीकरण आपल्याच कळपावर बनवायचं. मोजणीला दोन सकाळी आणि हिशेबाला एक संध्याकाळ लागते. गणित दहावीच्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या धड्याच्या फार पुढचं नाही. घरातलं शाळकरी पोर ते करू शकतं. अवघड भाग गणितात नाहीच, मोजणीत आहे. म्हणून या लेखात मोजणीवर जास्त जागा खर्च केली आहे.

## टप्पा १: गट ठरवा

सगळा कळप एकाच समीकरणात बसवू नका. बोकडाचं अंग वेगळं भरतं, मादीचं वेगळं, आणि पिल्लाचं तर त्याहून निराळं. सुरुवात एका गटाने करा. माझ्या मते एक वर्षावरच्या, गाभण नसलेल्या माद्या हा सगळ्यांत सोयीचा गट, कारण कळपात त्याच जास्त असतात. बोकडांचं समीकरण नंतर वेगळं बनवता येतं.

या गटातून पुढच्या बकऱ्या बाजूला काढा:

- गाभण बकऱ्या. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा असतो आणि शेवटच्या दोन महिन्यांत वजन झपाट्याने वाढतं, लांबी मात्र तेवढीच राहते.
- नुकत्या व्यालेल्या, आजारी किंवा पोट फुगलेल्या.
- लंगडणाऱ्या. चारही पायांवर सरळ उभी न राहणारी बकरी नीट मोजताच येत नाही.

किमान ३० बकऱ्या हव्यात. घरच्या बारा-पंधराच असतील तर गावातल्या आणखी दोघा-तिघांच्या घ्या, पण त्याच जातीच्या आणि तशाच चराईवरच्या. काटोलच्या चराईवरच्या बकऱ्या आणि शहराजवळ खुराकावर बांधून वाढवलेल्या बकऱ्या एका वहीत मिसळल्या, तर निघणारी रेषा दोघांच्याही उपयोगाची राहत नाही.

तपासा: निवडलेल्यांत लहान, मध्यम आणि मोठ्या अंगाच्या बकऱ्या साधारण सारख्या आहेत का? तीसही बकऱ्या जवळपास एकाच मापाच्या असतील तर रेषा कोणत्या बाजूला झुकवायची हेच कळत नाही. मध्ये गर्दी आणि टोकांना एकेकच जनावर असेल तर त्या एकेकट्या जनावराची चूक सगळी रेषा ओढून नेते.

## टप्पा २: साहित्य, आणि आधी साहित्याचीच परीक्षा

समीकरण कितीही नीट बनवलं तरी ते काट्याहून जास्त खरं होत नाही. ५० किंवा १०० किलोपर्यंतचा हुकाचा डिजिटल काटा या कामाला पुरतो. तो घरी आणला की लगेच बकरी टांगू नका. ओळखीच्या किराणा दुकानातून वैधमापन खात्याचा शिक्का असलेली ५ किलोची चार मापं तासाभरासाठी मागा. आधी एक टांगा, मग दोन, मग चारही. २० किलोला काटा दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त फरक दाखवत असेल तर तो काटा या कामाला नको. सेल नवे घाला. सेल उतरले की काही काटे आकडा स्थिर ठेवत नाहीत.

बकरी टांगायला झोळी लागते. जाड गोणपाटाला चार पायांसाठी भोकं पाडून दोन्ही टोकांना दोर बांधला की झाली. झोळी काट्याला अडकवून काटा शून्यावर आणायचा आणि मगच बकरी. झोळी लेंडी-मुताने भिजते, म्हणून चार-पाच बकऱ्या झाल्या की रिकामी झोळी टांगून शून्य पुन्हा बघायचं. काटा आड्याला किंवा झाडाच्या फांदीला बांधा. दोघांनी काठीवर धरून टांगलेल्या काट्याचा आकडा हात हलतील तसा हलतो.

लांबीसाठी शिंप्याची टेप वापरायची सवय आहे. तीच पहिली अडचण. जुनी कापडी टेप ताणली जाते, आणि नवी असली तरी ती बरगड्या आणि पोटाच्या फुगवट्यावरून वळसा घेते. आपल्याला हवं ते दोन हाडांमधलं सरळ अंतर. त्यासाठी मीटरभर लांबीची सरळ लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर स्टीलची मोजपट्टी ठोका, शून्यावर सुताराची एक गुण्या काटकोनात पक्की बसवा आणि दुसरी मागेपुढे सरकेल अशी ठेवा. एक गुण्या पुढच्या हाडाला, दुसरी मागच्या हाडाला टेकवली की मधला आकडा म्हणजे लांबी.

हे जमणार नसेल तर फायबरची टेप चालेल, पण ती अंगापासून जरा वर, हवेत ताणून धरायची. स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून तिचे आकडे एकदा पडताळून घ्या.

याशिवाय वही, पेन, मार्कर आणि तीन माणसं: एक धरणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा. मोजणारा शेवटपर्यंत तोच ठेवा. माणूस बदलला की हाड शोधायची जागा थोडी बदलते आणि तो फरक तुमच्या समीकरणात कायमचा शिरतो.

## टप्पा ३: वेळ

मोजणी आणि वजन दोन्ही पहाटे, बकऱ्या चरायला सुटण्याआधी. बकरीच्या पोटातला चारा आणि पाणी अंगाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त भरू शकतं. म्हणजे २५ किलोची बकरी धुऱ्यावरून चरून, पाणी पिऊन आली की अडीच-तीन किलोंनी जड दिसते, आणि लांबी तीच. अर्ध्या बकऱ्या पहाटे आणि अर्ध्या संध्याकाळी मोजल्या तर हा फरक समीकरणाच्या माथी बसतो.

आदल्या रात्री गव्हाणीतलं कुटार (सुका चारा) काढून घ्या. पाणी मात्र तोडू नका. नागपूरचा मे महिना असेल तर अजिबातच नाही. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम आटोपलं पाहिजे. उरलेल्या बकऱ्या दुसऱ्या पहाटे घ्या.

सावधान: सगळ्या बकऱ्या दोन-तीन दिवसांत संपवा. मोजणी महिनाभर रेंगाळली तर चारा बदलतो, अंग बदलतं आणि वहीतले आकडे एकमेकांशी जुळेनासे होतात.

## टप्पा ४: लांबी मोजणे

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. बकरीची ‘लांबी’ म्हणून लोक निदान तीन वेगवेगळी मापं घेतात: तोंडापासून शेपटीपर्यंत, मानेमागच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत. एकाच बकरीवर हे तीन आकडे भलतेच वेगळे येतात. आपण तिसरं माप घ्यायचं. कुणी समीकरण दिलं आणि लांबी कुठून कुठे मोजली ते सांगितलं नाही, तर ते समीकरण वापरू नका.

पुढची खूण. मानेच्या मुळाशी, छातीच्या पुढच्या बाजूला हात ठेवा. पुढच्या पायाचा वरचा सांधा तिथे पुढे आलेला असतो; टणक उंचवटा बोटाला लागतो. तो म्हणजे खांद्याचं टोक.

मागची खूण. शेपटीच्या दोन्ही बाजूंना, थोडं खाली, मागे निघालेलं एकेक टोकदार हाड लागतं. त्याचं सगळ्यांत मागचं टोक घ्यायचं. शेपटीचं मूळ नव्हे.

केस दाट असतील तर नजरेवर विसंबू नका, बोटाने हाड शोधा आणि मार्करने ठिपका द्या.

आता बकरी उभी करण्याची पद्धत:

१. जागा सपाट आणि टणक हवी. शेणाच्या ढिगावर किंवा उतारावर नको.

२. चारही पाय अंगाखाली सरळ. पुढचे पाय पुढे ताणलेले असतील तर खांदा पुढे सरकतो. मागचा एक पाय दुमडलेला असेल तर मागचं हाड खाली जातं.

३. डोकं नेहमीच्या उंचीवर, मान सरळ. गळ्यातली दोरी ओढून धरलेली बकरी अंग आखडते. हनुवटीखाली हात ठेवून धरा.

४. माप नेहमी एकाच बाजूने घ्या. डावी ठरवली तर सगळ्यांची डावी.

५. तीनदा मोजा. दर वेळी बकरीला दोन पावलं चालवून पुन्हा उभी करा. तिन्ही आकडे एका सेंटिमीटरच्या आत असतील तर सरासरी लिहा. नसतील तर बकरी शांत होईपर्यंत पुढची घ्या आणि हिच्याकडे नंतर या.

एक सेंटिमीटरसाठी एवढा आग्रह का, ते सातव्या टप्प्यात दिसेल. तिथल्या उदाहरणात एका सेंटिमीटरच्या चुकीने वजन जवळपास एक किलोने चुकतं.

तपासा: सगळी मापं सेंटिमीटरमध्येच आहेत ना? शिंप्याच्या टेपवर एका बाजूला इंच असतात आणि घाईत टेप उलटी धरली जाते. वहीत ६०, ६२, ५८ च्या ओळीत मध्येच २३ दिसला तर तो इंचाचा आहे.

## टप्पा ५: वजन घेणे

क्रम महत्त्वाचा: आधी लांबी, मग वजन. झोळीतून उतरलेली बकरी घाबरलेली असते आणि नीट उभी राहत नाही. दुसरं कारण माणसाचं आहे. ‘ही २८ किलोची’ असं आधी कळलं की मोजणाऱ्याचा हात नकळत लांबी वाढवतो.

झोळीत बकरी बसवली की पाय जमिनीपासून पूर्ण सुटले का ते बघा. एक खूर जरी टेकला तरी आकडा कमी येतो. पाय झाडणं थांबू द्या, आकडा स्थिर झाला की शंभर ग्रॅमपर्यंत लिहा. अंग ओलं असेल तर आधी पुसून वाळू द्या.

लिहिताना कानातल्या बिल्ल्याचा नंबर आधी. बिल्ल्यावर बारा आकडे असतात. शेवटचे चार पुरतात, फक्त ते कळपात दोनदा येत नाहीत ना ते बघा. लांबी आणि वजन एकाच ओळीत, त्याच क्षणी. ‘नंतर आठवून लिहू’ म्हटलं की दोन बकऱ्यांची वजनं हमखास अदलाबदल होतात आणि ती चूक पुढे कशानेच सापडत नाही.

## टप्पा ६: आधी ठिपके, मग हिशेब

घरी आलं की पहिलं काम आलेखाचं. चौकटीच्या कागदावर आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर वजन घ्या आणि प्रत्येक बकरीसाठी एक ठिपका द्या. बहुतेक लोक ही पायरी गाळून थेट मोबाइलमध्ये आकडे भरतात. ठिपके डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हिशेबाला बसू नका, कारण हिशेब चुकीच्या आकड्यावरूनही रेषा काढून देतो आणि कुठेही तक्रार करत नाही.

ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढत जाणारा पट्टा बनवतात का ते बघा. एखादा ठिपका पट्ट्यापासून फार दूर असेल तर ती बकरी दुसऱ्या पहाटे पुन्हा मोजा. मोजणी बरोबर निघाली तर ठिपका राहू द्या. रेषेत बसत नाही म्हणून ठिपका खोडणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे.

पट्टा सरळ न जाता वर वाकत असेल तर गटात लहान पिल्लं शिरली आहेत. अंग सगळ्या बाजूंनी दुप्पट झालं तर वजन आठपट होतं. त्यामुळे पिल्लापासून मोठ्या बकरीपर्यंतचा खरा आलेख वक्रच असतो. त्या वक्राचा छोटा तुकडा मात्र जवळपास सरळ दिसतो. आपलं सगळं काम त्या तुकड्यावर चालतं.

आता तीस बकऱ्यांमधून दर तिसरी बाजूला काढा. वीस रेषा बनवायला, दहा परीक्षेला. दहा निवडताना ‘चांगल्या’ बघून निवडू नका. वहीतल्या क्रमानेच तिसरी, सहावी, नववी अशा घ्या.

## टप्पा ७: रेषा काढणे

समीकरणाचं रूप असं:

वजन = चढ × लांबी + स्थिर आकडा

चढ म्हणजे लांबी एका सेंटिमीटरने वाढली की वजन किती किलोने वाढतं तो आकडा. हिशेबाची रीत दाखवण्यासाठी मुद्दाम सहाच बकऱ्यांचे काल्पनिक आकडे घेतो. खऱ्या कामात इथे वीस असतील.

- लांबी ५२ सेंमी, वजन १८ किलो
- लांबी ५५, वजन १९.५
- लांबी ५८, वजन २४.५
- लांबी ६०, वजन २३
- लांबी ६३, वजन २८.५
- लांबी ६६, वजन ३०.५

१. सरासरी काढा. लांबीची ५९, वजनाची २४.

२. प्रत्येक बकरीची लांबी सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा: −७, −४, −१, १, ४, ७. वजनाचंही तसंच: −६, −४.५, ०.५, −१, ४.५, ६.५.

३. दोन्ही ओळींतले आकडे जोडीने गुणा आणि बेरीज करा: ४२ + १८ − ०.५ − १ + १८ + ४५.५ = १२२.

४. लांबीच्या फरकांचे वर्ग करून बेरीज: ४९ + १६ + १ + १ + १६ + ४९ = १३२.

५. चढ = १२२ ÷ १३२ = ०.९२४.

६. स्थिर आकडा = २४ − (०.९२४ × ५९) = −३०.५.

म्हणजे: वजन = ०.९२४ × लांबी − ३०.५

मोबाइलवरच्या शीटमध्ये ‘स्लोप’ आणि ‘इंटरसेप्ट’ ही दोन सूत्रं हेच करतात. तिथे आधी वजनाचा स्तंभ द्यायचा, मग लांबीचा. क्रम उलटा झाला तर याच आकड्यांवर चढ १.०१७ आणि स्थिर आकडा ३४.६ येतो, तो वरच्या साच्यात भरला की ६० सेंमीची बकरी ९५ किलोंच्या वर जाते. इतका वेडावाकडा आकडा आला तर आधी स्तंभांचा क्रम बघा.

या टप्प्यातल्या चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

ऐकिक नियम लावणे. ‘५९ सेंमीला २४ किलो, म्हणजे सेंटिमीटरला ०.४०७ किलो’ असा हिशेब करून तोच सगळीकडे गुणतात. त्याने ५२ सेंमीची बकरी २१.२ किलो येते, ती खरी १८ ची. ६६ सेंमीची २६.८ येते, ती खरी ३०.५ ची. लहान जनावर फुगवलं जातं, मोठं घटवलं जातं, आणि विकताना नुकसान नेमकं मोठ्या जनावरावर होतं. स्थिर आकडा सोडला की समीकरण राहत नाही.

दोनच बकऱ्यांवरून रेषा. दोन बिंदूंतून एक रेषा जाते हे खरं, पण वरच्या यादीतल्या ५८ आणि ६० सेंमीच्या दोन बकऱ्या घेऊन बघा. लांब असलेली दीड किलोने हलकी आहे. चढ उणे येईल. अंगाने भरलेली आणि अंगाने सडपातळ अशा दोन बकऱ्या प्रत्येक कळपात असतात.

चढाचे दशांश कापणे. ०.९२४ ऐवजी ०.९ धरलं तर ६० सेंमीच्या बकरीवर थेट १.४ किलोचा फरक पडतो. चढ तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवा, आणि उत्तर अर्ध्या किलोपर्यंत गोल करा.

रेषा ताणणे. आपल्या उदाहरणाच्या बकऱ्या ५२ ते ६६ सेंमीच्या. त्याच समीकरणात ३० सेंमीचं पिल्लू घातलं तर २७.७ − ३०.५, म्हणजे उणे २.८ किलो. हा आकडा निदान वेडगळ दिसतो, म्हणून चूक पकडली जाते. खरी भीती ४५ सेंमीच्या पाठीची: तिचं वजन ११.१ किलो येतं, ते पटण्यासारखं दिसतं, आणि त्यावर विश्वास ठेवायला काहीही आधार नसतो. समीकरणाशेजारी ‘फक्त ५२ ते ६६’ अशी मर्यादा लिहिलीच पाहिजे.

## टप्पा ८: परीक्षा

बाजूला ठेवलेल्या दहा बकऱ्या आता घ्या. प्रत्येकीचं वजन समीकरणाने काढा आणि खऱ्या वजनातून वजा करा. वरच्या सहांवर हा हिशेब केला तर फरक +०.५, −०.८, +१.४, −१.९, +०.८ आणि ० असे येतात. चिन्ह सोडून सरासरी ०.९ किलो. पण या सहांवरूनच रेषा बनली आहे, म्हणून त्यांच्यावर ती बरी दिसणारच. दहा नव्या बकऱ्यांवर सरासरी चूक यापेक्षा थोडी जास्त निघेल, आणि तीच खरी चूक.

२५ किलोच्या आसपासच्या बकऱ्यांसाठी सरासरी चूक दीड किलोच्या आत असेल तर मी समीकरण वापरायला घेईन. अडीच किलोच्या वर असेल तर मोजणीकडे परत जावं. एकच बकरी तीन किलोंहून जास्त चुकत असेल तर तिचं अंग हाताने चाचपून बघा: फार खंगलेली किंवा फार भरलेली निघेल.

चिन्हंही बघा. काही अधिक, काही उणे असेल तर ठीक. दहाच्या दहा एकाच बाजूला असतील तर काट्याचं शून्य सरकलं आहे किंवा मोजणारा बदलला आहे.

सावधान: शीट ‘आर-स्क्वेअर’ नावाचा, रेषा ठिपक्यांशी किती जुळते ते सांगणारा आकडा दाखवते, आपल्या उदाहरणात ०.९४. तो १ च्या जवळ आला की लोक समाधानी होतात. पण गटात मुद्दाम खूप लहान आणि खूप मोठी जनावरं मिसळली की हा आकडा आपोआप वर जातो, किलोतली चूक मात्र तेवढीच राहते. निर्णय किलोतल्या चुकीवर घ्या.

## लांबी की छातीचा घेर?

लांबी हाडांवर ठरते. बकरी उन्हाळ्यात चार किलोंनी उतरली तरी तिची लांबी एक सेंटिमीटरही कमी होत नाही. म्हणून लांबीचं समीकरण खंगलेल्या बकरीला तिच्या चांगल्या दिवसांचं वजन देतं. छातीचा घेर मांस-चरबीबरोबर बदलतो आणि वजनाशी त्याचं नातं सहसा जास्त घट्ट असतं.

शक्य असेल तर त्याच सकाळी घेरही मोजून ठेवा: पुढच्या पायांच्या लगेच मागे, टेप उभी, अंगाला टेकलेली पण केसात न रुतलेली, बकरीने श्वास सोडल्यावर. मग घेरासाठी सातवा आणि आठवा टप्पा पुन्हा करा. परीक्षेत ज्याची किलोतली चूक कमी, ते समीकरण ठेवा. दोन्ही मापं एका समीकरणात घालायची असतील तर शीटमधलं ‘लाइनेस्ट’ हे सूत्र ते करतं, पण त्यासाठी तीसपेक्षा जास्त बकऱ्या घ्या.

पडताळ्यासाठी शेफरचं जुनं सूत्र हाताशी ठेवा: घेराचा वर्ग गुणिले लांबी, दोन्ही इंचांत, भागिले ६६०, उत्तर किलोत. सेंटिमीटर असतील तर ६६० ऐवजी १०,८००. घेर ६६ सेंमी आणि लांबी ६० सेंमी असेल तर २४.२ किलो येतात. हे सरळ रेषेचं सूत्र नाही आणि आपल्या कळपावर बनलेलंही नाही. पण तुमचं उत्तर आणि हे उत्तर यांत सहा-सात किलोंचं अंतर पडलं तर कुठेतरी माप चुकलं आहे हे लगेच कळतं.

## टप्पा ९: वापर

रोज हिशेब करायला लागू नये म्हणून मर्यादेतल्या प्रत्येक सेंटिमीटरचं वजन आधीच काढून एका पुठ्ठ्यावर लिहा. उदाहरणाच्या समीकरणाने ५४ ला १९.४, ५८ ला २३.१, ६२ ला २६.८ असं ते दिसेल. हे आकडे रीत कळावी म्हणून आहेत. तुमच्या पुठ्ठ्यावर तुमच्याच बकऱ्यांचे आकडे हवेत. वर गट, मोजणीची तारीख, मर्यादा आणि सरासरी चूक ठळक लिहा.

जंताच्या औषधासाठी. औषध आणि मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या. आपलं काम वजन देण्याचं. समजा डॉक्टरांनी किलोमागे १० मिलिग्रॅम सांगितलं आणि बाटलीत मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम औषध आहे, तर २५ किलोच्या बकरीला १० मिलिलिटर लागतं. तीच बकरी २० किलोची धरली तर ८ मिलिलिटर जातं. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, वर त्यांना औषधाची सवय होते आणि पुढच्या वेळी पूर्ण मात्राही लागू पडत नाही. म्हणून डॉक्टरांना अंदाजाबरोबर तुमची सरासरी चूकही सांगा. वरच्या बाजूने मात्रा चालेल का ते औषधावर अवलंबून असतं. लेव्हामिसोलसारख्या औषधात योग्य मात्रा आणि अपायकारक मात्रा यांतलं अंतर कमी असतं. तिथे टेपवर जाऊ नका, काटा आणा. बकरी गाभण असेल तर तेही आधी सांगा. अल्बेंडाझोलसारखी औषधं सुरुवातीच्या गाभणकाळात टाळतात.

विक्रीसाठी. टेपचा आकडा स्वतःची खालची किंमत ठरवायला वापरा. सौदा किलोवर ठरला तर वजन काट्यावरच झालं पाहिजे. आणि बोकड विकायचा असेल तर बोकडांचंच समीकरण हवं. माद्यांचं त्याला लावू नका.

वाढ बघायला. दर आठवड्याला मोजून हाती काही लागत नाही. सरासरी चूक एक किलोची असेल तर अर्ध्या किलोची वाढ टेपवर दिसूच शकत नाही. दोन महिन्यांच्या अंतराने, त्याच पहाटेच्या वेळी मोजा.

## टप्पा १०: ऋतू बदलला की

पावसाळ्यानंतर झाडपाला आणि हिरवा चारा खाऊन भरलेल्या अंगावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बनवलेलं समीकरण मे महिन्यात तसंच लावू नका. तेव्हा आठ-दहा बकऱ्या पुन्हा काट्यावर घ्या आणि फरक काढा.

लहान-मोठ्या सगळ्यांचा फरक साधारण सारखा असेल, समजा प्रत्येकी दोन किलोंच्या आसपास उणे, तर नवी रेषा काढायची गरज नाही. चढ तोच ठेवून फक्त स्थिर आकडा दोनने खाली आणा: −३०.५ चे −३२.५. लहान बकऱ्यांचा फरक अर्धा किलो आणि मोठ्यांचा तीन-चार किलो असा वाढत गेला असेल, तर चढच बदलला आहे. तेव्हा उन्हाळ्यासाठी तीस बकऱ्यांची मोजणी पुन्हा करावी लागेल. दोन्ही ऋतूंचे पुठ्ठे वेगळे ठेवा आणि प्रत्येकावर महिना लिहा. कळपात दुसऱ्या जातीचा बोकड आणला असेल, तर त्याच्या पाठी वर्षाच्या झाल्या की त्यांच्यापैकी आठ-दहा काट्यावर तपासून बघितल्याशिवाय जुना पुठ्ठा त्यांना लावू नका.